एम-फोर टाळून

११ जानेवारी २००९, रविवार

समर येऊन गेला. एकटाच आला होता. नातीचा, दियाचा, स्विमिंग क्लास होता म्हणून सून निधी त्यांच्या घरी रीडिंगलाच थांबली. त्याने बॉयलरचं प्रेशर बघितलं, ह्यांचे सूट चॅरिटी शॉपसाठी पिशव्यांत भरले. मी काढून ठेवलेला राखाडी कोट मात्र त्याने काही न विचारता परत कपाटात लावला. निघताना म्हणाला, "आई, गाडीचं काय करायचं? नुसती उभी आहे. इन्शुरन्स एप्रिलच्या शेवटी संपतो. विकून टाकू या?"

"मला चालवता येते."

"लायब्ररीपर्यंत."

"लायसन्सवर लायब्ररीपर्यंत असं लिहिलेलं नाही."

तो हसला. पण हल्ली त्याचं हसू लगेच विझतं. "ओके. एप्रिल संपायच्या आत तू स्वतः, एकटी, आमच्या घरी आलीस तर गाडी ठेवू. डील?"

मी डील म्हटलं. बोलून गेले आणि तो गेल्यावर लायसन्स शोधायला लागले. लायसन्स त्र्याऐंशी साली काढलं. त्यानंतर गाडी चालवली ती लंडनच्या ह्या टोकाला, एजवेअरमध्ये, लायब्ररीच्या नोकरीपुरती. लांब जायचं तर हे चालवायचे आणि मी डावीकडे बसून, मांडीवर अ‍ॅटलस घेऊन रस्ता सांगायची. हा सगळा देश मी डाव्या सीटवरून पाहिलाय. नोव्हेंबरपासून उजवी सीट रिकामी आहे आणि मी अजूनही गाडी पुसायला डावीकडूनच आत शिरते.

तासाभराने फोन दोनदा वाजून थांबला. समर पोचला. ही आमची जुनी रीत. इथे आलो तेव्हा फोनचे पैसे वाचवायचे म्हणून सगळी मराठी घरं करायची. कुणाकडून जेवून परतलं की दोन रिंगा द्यायच्या, समोरच्याने उचलायचं नाही. पोचलो, एवढंच सांगायचं. आता पैशांचा प्रश्न नाही, तरी हा पोरगा ती पाळतो.

१४ जानेवारी

संक्रांत. माझी मैत्रीण शशी तिळाच्या वड्या घेऊन वेम्बलीहून बसने आली. तिला डीलबद्दल सांगितलं. "तू एम-फोरवर?" म्हणाली, "मधू, तू सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये वीस मिनिटं फिरतेस."

एम-फोर मोटरवेवर जाणारच नाही म्हटलं. रीडिंगला जायला दुसरे रस्ते आहेत. मोटरवे नव्हते तेव्हा लोक जातच होते की.

२० जानेवारी

कॉम्प्युटरवर नकाशा उघडून बसले. एजवेअर ते रीडिंग असं घातलं की एक निळी रेघ उमटते. ती माऊसने धरून हव्या त्या रस्त्यावर ओढता येते. मी ती उचलून स्टॅनमोर, हॅच एंड, रिकमन्सवर्थवरून खाली स्लाऊला आणायची. पुढे जुना ए-फोर धरून मेडनहेड. पण दुसरीकडे जरा कुठे ओढलं की रेघ परत एम-फोरवर जाऊन बसते. सबंध दुपार तिच्याशी भांडण्यात गेली. संध्याकाळी लक्षात आलं की आज दिवसभरात मी मोठ्याने बोलले ते फक्त त्या रेघेशी.

२ फेब्रुवारी, सोमवार

बर्फ. बसेस बंद, शाळा बंद. समरचा फोन आला, कितीतरी दिवसांनी दुपारचा. दियाने स्नोमॅन केलाय, त्याला आजोबांची टोपी घातलीये म्हणाला. आवाज इतका मोकळा वाटला.

"ऑफिस?"

"आज कोणालाच ऑफिस नाही, आई. सगळं इंग्लंड घरी आहे." हे तो एखादी मेजवानी असल्यासारखं म्हणाला.

बर्फाने त्याला दगदगीतून सुट्टी दिली. किती राबवून घेतात पोरांना.

१७ फेब्रुवारी

स्टॅनमोरपर्यंत जाऊन आले. सकाळी, शाळेची गर्दी ओसरल्यावर. घरी आल्यावर सवयीने रिसीव्हर उचलला आणि उभी राहिले. दोन रिंगा द्यायच्या कुणाला? मी गेले हे कुणाला माहीतच नव्हतं. शेवटी शशीला दिल्या. तिने उचलला. "काय गं, काय झालं?"

"उचलायचा नाही. पोचले."

"कुठे गेली होतीस?"

"स्टॅनमोर."

"अगं बाई," ती म्हणाली, "पासपोर्ट नेला होतास ना?"

३ मार्च

नकाशा आता माझा स्वतःचा झालाय. त्याला नाव दिलं, 'एम-फोर टाळून'. त्यावर खुणा लावता येतात आणि खुणेत चार ओळी लिहिता येतात. कुठली लेन धरायची, कुठे उजवीकडे वळायला दिवा आहे, हे सगळं लिहिलंय. हा नकाशा दुसऱ्याला पाठवता येतो आणि त्यालाही त्यात लिहिता येतं. शशीला पाठवला, समरला पाठवला.

शशी म्हणते, "लिंक उघडली, निळा रस्ता दिसला. छान आहे. मग मी वांगी चिरायला घेतली."

समरचं उत्तर नाही. त्याला वेळ कुठला.

५ मार्च

नकाशा उघडला तर त्यात समरची खूण. हॅच एंडला. "आई, इथे रोडवर्क्स आहेत, दोन आठवडे. मागच्या गल्लीतून ये." आणि रेघ त्या गल्लीतून वळवलेली.

फार बरं वाटलं. ऑफिसात बसून त्याने हे शोधलं असणार. इंटरनेटवर सगळं कळतं हल्ली.

१३ मार्च

आणखी तीन खुणा. रिकमन्सवर्थच्या पुढे रस्त्यात मोठा खड्डा, डावीकडे घे. आयव्हर हीथला शाळा आहे, तीनला येऊ नको. स्लाऊला मंगळवारी दहाच्या सुमाराला रस्ता अगदी मोकळा असतो. इतकं बारीक त्याला कसं माहीत? ऑफिसातला कोणीतरी स्लाऊहून येत असेल.

दुपारी थँक यू म्हणायला मोबाइलवर फोन केला. ऑफिसचा नंबर बदललाय, त्यावर करू नको म्हणाला होता. मागे बदकांचा आवाज येत होता. विचारलं तर म्हणाला, "लंच टाइम आहे." ऑफिसच्या आवारात तळं असलं पाहिजे. कंपनी चांगली आहे.

मी म्हटलं, "एखाद्या मंगळवारी येऊ का? तुमचा रस्ता मोकळा असतो तेव्हा?"

"नको," तो पटकन म्हणाला. "वीकडेला नको येऊ, आई. घरी कोणी नसतं."

"किल्ली आहे माझ्याकडे."

"नको ना. प्लीज."

फोन ठेवला. किल्ली त्यानेच दिली होती, ह्यांच्या आजारपणात.

२० मार्च

कालपासून लंडनचे रस्ते फोटोसारखे दिसायला लागलेत. कॉम्प्युटरवर आपली गल्ली उघडायची आणि पुढे चालत जायचं. मी आमच्या दारापर्यंत गेले. गाडी उभी आहे, स्वच्छ, काचा लखलखीत. म्हणजे गेल्या उन्हाळ्यातला फोटो. मी कितीही पुसली तरी इतकी निघत नाही.

२९ मार्च, रविवार

महाराष्ट्र मंडळाचा पाडवा वेम्बलीच्या हॉलमध्ये. मंडळातल्या अनुराधाच्या यजमानांनी मला न्यायला गाडी आणली. त्यांच्या मागच्या सीटवर बसून गेले. श्रीखंडाच्या रांगेत ते म्हणाले, "वहिनी, रीडिंगच्या कंपन्यांतून बरीच माणसं काढली म्हणे. समर ठीक आहे ना?"

"अहो, तो टीम लीड आहे," मी म्हटलं. "त्याच्यावाचून त्यांचं पान हलत नाही. शनिवारीसुद्धा उशिरापर्यंत मेल करत बसतो, निधी सांगते."

हे मी जरा मोठ्याने बोलले. बोलायला हल्ली माझ्याकडे तेवढंच असतं.

५ एप्रिल

निधीचा फोन. दियाशी बोलणं झाल्यावर ती म्हणाली, "आई, समर तुमच्याशी बोलतो का?"

"नकाशावर लिहितो."

"माझ्याशी तेवढंही नाही. वेळेवर निघतो, वेळेवर येतो, मुकाट्याने जेवतो. क्लायंटकडे जावं लागतं म्हणे, पेट्रोल पण किती जातंय. मी काही विचारलं की दमलोय म्हणतो."

बाप गेल्याचं दुःख पुरुषांना उशिरा गाठतं, असं मी तिला सांगितलं. तिला पटलं असावं. मला पुरतं पटलं नाही. मला वाटतं, मीच जड झालेय त्याला. गाडी, बॉयलर, मी.

नकाशावर आता त्याच्या भरपूर खुणा आहेत, पण मेडनहेडच्या पुढे नोल हिलला त्या संपतात. तिथे एका गार्डन सेंटरवर शेवटची. "इथे पार्किंग फ्री. टॉयलेट. गरम चहा. दिवसभर बसलं तरी कोणी काही विचारत नाही." तिथून त्याच्या घरापर्यंत एक खूण नाही. मी तिथवर यावं आणि चहा पिऊन परत फिरावं, असा अर्थ असेल तर तोही मला कळतो.

१४ एप्रिल

आज डेनम. शशीला शेजारी बसवून नेलं. डेनमचं राउंडअबाउट म्हणजे ह्या नकाशावरची माझी लंका. तिथे सहा रस्ते येतात आणि त्यातला एक सरळ एम-फॉर्टी मोटरवे होतो.

"तू फक्त स्लाऊची पाटी बघ," मी शशीला सांगितलं.

"मी डोळे मिटलेत."

"शशी!"

"मग तू उघडे ठेव ना, दोघींनी कशाला घाबरायचं?"

माझ्या मागे ट्रक होता, त्याने हॉर्न दिला, आणि मी जी डावीकडे सुटले ती मोटरवेवर. तीन लेन. पुढच्या एक्झिटपर्यंत मी डावी लेन सोडली नाही. बीकन्सफील्डला उतरून चहा घेतला. शशीने बाहेरची ऑक्सफर्डची पाटी वाचली आणि म्हणाली, "आलोच आहोत तर ऑक्सफर्डला जाऊ. एखादी डिग्री घेऊन येऊ."

हसले, पण घरी येऊन बेडरूममध्ये रडले. एप्रिलचे दोन आठवडे राहिलेत. गाडी गेली तर बसेस आहेत, ट्यूब आहे, अनुराधाची मागची सीट आहे. कुणी नेलं तर जायचं, कुणी आणलं तर यायचं.

समरला फोनवर सांगितलं. रागावेल वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "कुठून आत शिरलीस? कुठल्या लेनमधून?"

१६ एप्रिल

डेनमवर नवी खूण, चांगली लांब. "आत शिरताना मधली लेन. हळू गेलीस तरी चालेल, हॉर्न देणारे देतात. पहिला रस्ता सोड, मोटरवेची निळी पाटी दिसेल, ती पण सोड. डाव्या बाजूला जुन्या पबचं लाल छप्पर दिसलं की इंडिकेटर दे. मी चार वेळा करून बघितलं. होतं."

चार वेळा. ऑफिस सुटल्यावर इतक्या लांब येऊन, संध्याकाळच्या गर्दीत लाल छप्पर बघत फिरला हा पोरगा. मी डोळे पुसले आणि ती खूण छापून घेतली.

२८ एप्रिल, मंगळवार

परवा इन्शुरन्स संपतो. पहाटे थालीपीठं लावली. ठरवलं होतं की आज फक्त गार्डन सेंटरपर्यंत जायचं. तेवढं जमलं तर उद्या पूर्ण. मंगळवारी दहाला स्लाऊ मोकळं असतं, असं लिहिलेलंच आहे.

डेनमला मधली लेन धरली. मागे कुणीतरी हॉर्न दिला, देऊ दिला. पहिला रस्ता सोडला, निळी पाटी सोडली. मग ते छप्पर दिसलं, त्याने लिहिलं होतं तसंच, आणि मी वळले. "झालं," असं मोठ्याने म्हटलं. डाव्या सीटवर छापलेले कागद होते.

मेडनहेडचा पूल ओलांडला. नदीवर ऊन होतं.

गार्डन सेंटरच्या कार पार्कमध्ये मोजक्याच गाड्या. कोपऱ्यात, तळ्याच्या कडेला निळी होंडा उभी होती. समरची आहे तशी, असं मनात आलं आणि मग नंबर वाचला. तो आत होता. ड्रायव्हरच्या जागी नाही, डाव्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. शर्ट, टाय, इस्त्रीची पँट. डॅशबोर्डवर निधीने दिलेला सँडविचचा डबा. बाहेर बदकं.

मी काचेवर वाजवलं. त्याने वर बघितलं तेव्हा तो सहा वर्षांचा दिसला.

"आई? तू इथे कशी?"

"तूच लिहिलंस. पार्किंग फ्री, कोणी काही विचारत नाही." मग मी म्हटलं, "आज सुट्टी आहे का?" आणि विचारतानाच सगळं जागच्या जागी बसलं. बदकं, बदललेला नंबर, लाल छप्पर. ते ऑफिस सुटल्यावर दिसलं नव्हतं, भर ऑफिसच्या वेळेत दिसलं होतं.

"जानेवारीत," तो म्हणाला. "तुझ्याकडे आलो ना, गाडीचं बोललो, त्याच्या आधीच्या फ्रायडेला. पूर्ण टीम गेली. तेव्हा तुला सांगायलाच आलो होतो. मग डॅडचे सूट भरले, आणि ते राहिलं."

"निधीला?"

त्याने मान हलवली.

त्याला माझ्या गाडीत बसवलं. तो सवयीने डावीकडून आत आला, कागद उचलून मांडीवर घेतले. मी थालीपीठाचा डबा उघडला. आम्ही समोरचं तळं बघत खाल्लं. गाडीत शेजारी बसून बोलणं सोपं जातं, एकमेकांकडे बघावं लागत नाही. हे मला पस्तीस वर्षांपासून ठाऊक आहे.

"रोज इथे असतोस?"

"सकाळी. कॅफेतली बाई ओळखते आता. चहावर पेन्शनरचा डिस्काउंट देते." तो थोडा हसला. "मग अप्लिकेशन्स पाठवतो. दोन इंटरव्ह्यू झाले, नो. आणि मग तुझा मॅप. तू लाइन काढायचीस, मी जाऊन बघायचो. तेवढंच एक काम होतं, आई. कोणीतरी वाट बघत होतं असं."

मी लोणच्याची बरणी बंद केली, परत उघडली.

"आज सांग तिला."

"कसं?"

"जसं मला सांगितलंस. आधीचा शुक्रवार, मग पुढचं."

"ती म्हणेल, चार महिने तू खोटं बोललास."

"म्हणेल. म्हणू दे. तिला वाटतंय तू तिच्यावर रुसलायस. ते ह्याहून वाईट आहे."

त्याने मांडीवरचे कागद नीट जुळवले. मग म्हणाला, "तू येतेस माझ्याबरोबर? आता घरी जाऊ, ती पाचला येते. तुझं डील पण पूर्ण होतं."

माझ्या ओठांवर हो आलं होतं. इथून पुढचा रस्ता सोपा आहे, मला पाठ आहे. चार महिने मी तोच घोकतेय. पण मी दारात उभी असले की निधी आधी चहा टाकेल, दिया मला चित्रं दाखवेल, जेवणं होतील, आणि तो परत दमलोय म्हणेल.

"आज तू जा," मी म्हटलं. "मी नंतर येईन."

"मग गाडी?"

"गाडीचं तू आत्ता नको बघूस. इन्शुरन्स मी उद्या फोन करून भरते." मग आणखी एक सांगितलं. "तिला सांगून झालं की दोन रिंगा दे. मी उचलणार नाही."

त्याने मान हलवली. उतरला, होंडापर्यंत गेला, परत आला, आणि वाकून म्हणाला, "रिव्हर्स करताना मागे बुटका खांब आहे, बोलार्ड."

"दिसतंय मला."

डेनमला परत येताना ते छप्पर उजवीकडे असतं, हे त्याने लिहिलेलं नाही. उद्या मी लिहीन. घरी पोचल्यावर त्याला दोन रिंगा दिल्या.

पाच वाजले, सहा वाजले. शशीने फोन केला, तिला लाइन मोकळी ठेवायचीय म्हणून ठेवायला लावला. "कोणाची वाट बघतेस?" म्हणाली, मी नंतर सांगते म्हटलं. वरण-भात लावला. एकटीचा लावते तेवढाच. टीव्ही लावून आवाज बंद ठेवला. ह्यांचा राखाडी कोट कपाटातून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, समर आला की त्याला घालून बघायला सांगायचं म्हणून.

आठ झाले तेव्हा वाटलं, आज नाही सांगणार तो. असू दे. भात वाढून घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. एकदा. हात रिसीव्हरवर गेला होता, तो तिथेच ठेवला. दुसऱ्यांदा वाजला.

मग थांबला.